खुनी येईपर्यंत

थ्रॉसबेकच्या हॉलला पत्र्याचं छप्पर,
त्यावर मार्चमधलं काहीतरी, धड पाऊस नाही, धड बर्फ नाही.
मी विंगेत, दुधाच्या क्रेटवर,
मांडीवर पुस्तक, हातात टॉर्च.
सव्वीस वर्षं इथूनच लोकांना त्यांची वाक्यं पुरवत आलेय.
मला कुणी पाहत नाही; माझा खोकला मात्र गावाला पाठ आहे.

यंदाची लायब्ररी हार्डबोर्डची.
पुस्तकं थर्झाने रंगवलीत, नावं घालायला वेळ झाला नाही.
दार आत उघडायला हवं होतं, ते बाहेर उघडतं,
म्हणून जो तो आधी दोन पावलं मागे सरतो
आणि मगच प्रवेश करतो.
गालिच्यावर कर्नल मरून पडलेले,
म्हणजे आमचा निवृत्त पोस्टमन, एडगर रेन.
त्याला मेल्यावर शिंका येतात.
पहिल्या अंकात तीन.

मध्यंतरात चहाच्या पिंपापाशी फोन वाजला.
विल्फ टॅलेंटायर, आमचा खुनी,
खोऱ्यातला एकुलता एक गुरांचा डॉक्टर.
खोटी मिशी तशीच, वर रेनकोट चढवत म्हणाला,
"निक्सनची मेंढी अडलीय. कोकरू आडवं आहे.
वीस मिनिटं काढा कशीतरी."
आणि गेला.

त्याचा कबुलीजबाब पान एकसष्टवर,
आम्ही चौपन्नवर.

म्युरिअल यंदा इन्स्पेक्टर (पुरुष मिळत नाहीत).
तिने टोपी सारखी केली.
"या खोलीतून कुणीही हलायचं नाही."
हे पुस्तकात होतं.
"आणि प्रत्येकाने खरं ते बोलायचं."
हे नव्हतं.

खाई त्याला खवखवे.
स्वयंपाकीण झालेली ग्वेंडा पुढे आली,
ॲप्रनचं टोक पिळत म्हणाली,
"मार्मलेडचं पहिलं बक्षीस... ती बरणी दुकानातली होती.
लेबल गरम पाण्यात सुटतं."
"वाटलंच होतं!" मागच्या रांगेतून तिची जाऊ.
मग बटलर, जो एरवी हॉलचा खजिनदार आहे,
त्याने सांगितलं, हॉलचा हिटर चोरीला गेलेला नाही.
त्याच्या खुराड्यात आहे. पिल्लं लहान होती.
हसण्याने पत्रा हलला की वाऱ्याने, कळलं नाही.
मी टॉर्च मारत पानं उलटतेय:
कुठे आहे हा हिटर, कुठल्या पानावर ही पिल्लं?

तेवढ्यात प्रेत उठून बसलं.

"चौऱ्याऐंशीच्या बर्फात," एडगर म्हणाला,
"पुलावर सायकल घसरली, पिशवी उघडली.
बाकीची सगळी पत्रं वेचली. एक ओढ्यातून गेलं.
निळा लिफाफा.
नाव वाचलं होतं मी. ते सांगत नाही."

हॉल गप्प.
ज्याने ज्याने कधी कुठल्या पत्राची वाट पाहिली असेल
तो आपापल्या बुटांकडे बघत होता.
मी टॉर्च बंद केला. सेल वाचतात.
एडगर परत आडवा झाला, हात नीट छातीवर घेतले,
आणि शिंकला.

दार बाहेर उघडलं.
विल्फ. केसांत गवत, मिशी एका बाजूने लोंबणारी,
दोन्ही हात कोपरापर्यंत रक्ताने माखलेले,
रंग नव्हे, वाफ निघत होती.
पुढच्या रांगेत एक मूल आईच्या कुशीत शिरलं.
"हे रक्त कुणाचं?" म्युरिअलचा आवाज खरोखर कापरा.
विल्फने माझ्याकडे पाहिलं. तोंड कोरं.
मी कुजबुजले: होय, मीच मारलं त्यांना.
त्याने मान हलवली आणि खणखणीत म्हणाला,
"दोन निघाली. दोन्ही जगली."

हॉल उभा राहिला.
निक्सनची म्हातारी तर बाकावरच चढली.
कर्नलना कुणी मारलं,
ते अजून कुणी विचारलेलं नाही.

नंतर खुर्च्या रचताना एडगर शेजारी होता.
मी निळ्याबद्दल बोलले नाही, तोही नाही.
एकावर एक, आठ.
नववी ठेवली की ढीग कलतो.